मदत हवी आहे: पिंक फ्लॉइड कुठल्या क्रमाने ऐकू?
मंडळी, एक सल्ला हवाय. पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड मला आधी अजिबात झेपला नव्हता. गाणं संपता संपत नाही, गायक तोंड कधी उघडणार याचीच वाट बघायची! मग एका रात्री दिवे घालवून, हेडफोन लावून १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा त्यांचा अल्बम सलग ऐकला. घड्याळांचा गजर, नाण्यांचा खणखणाट, एका गाण्यातून दुसऱ्यात नकळत सरकणं... वेड असं लागलं नाही, पण दुसऱ्या दिवशी परत लावावासा वाटला. खरा घात केला १९७५ च्या 'विश यू वेअर हिअर'ने. पहिल्याच गाण्यातले गिल्मोरच्या गिटारचे ते चार सूर! आणि ते गाणं १९६८ मध्ये बँडबाहेर पडलेल्या, त्यांच्या मूळ गायक-गिटारवादक सिड बॅरेटसाठी आहे हे कळल्यावर तर मी कामातूनच गेलो.

आता अडलंय ते इथे. बॅरेटच्या काळातला १९६७ चा पहिला अल्बम लावला, तर हा भलताच कुठला तरी बँड वाटतो. थोडा परीकथेतला, थोडा चक्रम. तुमच्यापैकी कुणाला तो हळूहळू आवडत गेला का? की आधी १९७१ चा 'मेडल' ऐकून मग मागे जाऊ? 'द वॉल' मुद्दाम राखून ठेवलाय. आणि कृपया 'बेस्ट ऑफ' सुचवू नका, तुकड्यांवर भागत नाही आता.