बी विंग ग्रुप: गच्चीवरच्या टाकीचं झाकण

सावंत ७०२: अथर्वचा रिपोर्ट आला. मलेरिया, व्हायवॅक्स प्रकारचा. आमच्या मजल्यावरची ही तिसरी केस. सेक्रेटरीसाहेब, टाकीच्या झाकणाचं काय झालं?

पाटील (सेक्रेटरी): वहिनी, अथर्वची काळजी घ्या. काही लागलं तर हक्काने सांगा. 🙏 धूर गुरुवारीच मारून घेतला आहे, पावती ग्रुपवर टाकली होती.

सावंत ७०२: धूर खाली गटारापाशी मारला. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो.

देशमुख १०१: गटाराबद्दल मी चार वर्षं बोंबलतोय. आज बरे सगळ्यांना डास आठवले.

म्हात्रे ३०४: आज २० ऑगस्ट, जागतिक डास दिन. सर्व डासबांधवांना हार्दिक शुभेच्छा. केक गच्चीवर कापण्यात येईल.

जोशी सर ६०१: चेष्टा पुरे. १८९७ मध्ये याच तारखेला सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचे जंतू दिसले, म्हणून हा दिवस. माणूस लष्करी डॉक्टर. पंखा लावला तर डास उडतील, म्हणून तसाच घामाघूम बसायचा. घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले होते.

म्हात्रे ३०४: आपल्या लिफ्टमधला पंखा बंद आहे तो संशोधनासाठीच तर.

पाटील (सेक्रेटरी): लिफ्टचा विषय वेगळा आहे. कृपया विषयांतर नको.

देशमुख १०१: गटार.

नेने काकू २०२: शिल्पा, अथर्वला पपईच्या पानांचा रस दे गं. आमच्या भाच्याला गुण आला.

सावंत ७०२: काकू, तो लोक डेंग्यूत देतात. याला तीन दिवस क्लोरोक्विन आहे आणि प्रायमाक्विन चौदा दिवस.

जोशी सर ६०१: चौदाच्या चौदा दिवस द्या. व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो. ताप उतरला म्हणून गोळ्या सोडल्या की काही महिन्यांनी पुन्हा हजर.

नेने काकू २०२: रसाने अपाय तर नाही ना होत. असो. मोठ्यांचं कोण ऐकतंय.

पाटील (सेक्रेटरी): झाकणाचं कोटेशन आलंय, पण खर्चाला जनरल बॉडीची मंजुरी लागेल.

सावंत ७०२: गेटला ग्रॅनाइट लावताना लागली होती?

जोशी सर ६०१: मुद्दा समजून घ्या. रॉस आधी दोन वर्षं चुकीचे डास फाडत बसला होता. करडे, पट्टेवाले. ठिपकेदार पंखांचा ॲनॉफेलिस हाताला लागला आणि त्याने रोग्याचं रक्त प्यायल्यावर चौथ्या दिवशी उत्तर मिळालं. १९०२ ला नोबेल. आपण अजून त्या दोन वर्षांतच आहोत. गटारात वाढतो तो क्युलेक्स. शहरातला मलेरिया पसरवतो तो ॲनॉफेलिसपैकीच एक, स्टीफेन्सी, त्याला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. टाकी.

देशमुख १०१: मग गटारातला काय गुदगुल्या करतो?

जोशी सर ६०१: त्याच्यामुळे हत्तीरोग होतो.

देशमुख १०१: वा! म्हणजे तळमजल्यावाल्यांनी पाय सुजवून बसायचं आणि झाकण वरच्यांना.

फर्नांडिस ४०३: टाकीत गप्पी मासे सोडू या का? अळ्या खातात. स्वस्तात काम.

शहा ५०१: टाकीत मासे??? ते पाणी आम्ही पितो. आमचा सक्त विरोध नोंदवून घ्यावा.

म्हात्रे ३०४: शहाभाई, मासे तुमच्या लाइनवर फक्त अळ्या सोडून बाकी शाकाहार करतील.

जोशी सर ६०१: मासे विहिरीत ठीक, टाकीला झाकणच. १९११ मध्ये बेंटली नावाच्या डॉक्टरने मुंबईचा मलेरिया तपासला, तेव्हा हाच डास विहिरींमध्ये निघाला. विहिरी बंद करायचं ठरल्यावर धर्म बुडाला म्हणून केवढी भांडणं! आपलं भांडण परंपरेला धरूनच आहे.

नेने काकू २०२: रॉसला रोगी कुठून मिळाला हो सर?

जोशी सर ६०१: हुसेन खान नावाचा होता. मच्छरदाणीत निजवून त्याच्यावर डास सोडायचे. एका डासामागे एक आणा.

म्हात्रे ३०४: आम्ही फुकट चावून घेतोय. मेंटेनन्समधून वळते करा.

पाटील (सेक्रेटरी): म्हात्रे, तुमची तीन क्वार्टरची थकबाकी फिटेल एवढे डास मुंबईत नाहीत.

सावंत ७०२: माझं पोर थंडीने कुडकुडतंय आणि इथे आणे मोजताय. वॉचमनकडून चावी घेऊन हे गच्चीवर गेलेत. फोटो टाकते.

सावंत ७०२: (फोटो)

सावंत ७०२: झाकणाच्या जागी फाटकी ताडपत्री आणि त्यावर वीट. ताडपत्रीच्या खळग्यात पाणी साचलंय आणि त्यात काहीतरी वळवळतंय.

जोशी सर ६०१: वहिनी, नीट बघायला सांगा. अळ्या डोकं खाली करून तिरक्या लटकल्यात, की पृष्ठभागाला लागून आडव्या?

सावंत ७०२: आडव्या. टाकीच्या आत पण आहेत, काडीकाडीसारख्या.

जोशी सर ६०१: ॲनॉफेलिस.

शहा ५०१: हे पाणी आम्ही पितो???

पाटील (सेक्रेटरी): मी वर येतोय. कोणीही फोटो ग्रुपबाहेर पाठवू नये ही विनंती. झाकण आज संध्याकाळी बसेल, मंजुरी नंतर घेऊ.

देशमुख १०१: खाली उतराल तेव्हा गटाराचाही एक फोटो काढा.