सॉनिक एक्स-ट्रीम: दोष एकट्या सॅटर्नचा नाही

सॉनिक एक्स-ट्रीम हा सेगा कंपनीच्या सुसाट पळणाऱ्या सॉनिकचा गेम बाजारात येण्याआधीच बंद पडला. सेगाच्या सॅटर्न या गेम कन्सोलला थ्रीडी झेपत नव्हतं म्हणून तसं झालं, असं नेहमी म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे ते. सॅटर्न थ्रीडी आकार त्रिकोणांऐवजी चौकोनांनी उभे करायचा, शिवाय दोन प्रोसेसरांत काम वाटायचं, म्हणजे प्रोग्रॅमरच्या डोक्याला ताप होताच. पण मुळात सेगालाच नक्की काय हवंय ते ठरत नव्हतं. आधी गेम ३२एक्ससाठी (सेगाच्या जुन्या कन्सोलला लावायचं जोडयंत्र) होता, मग सॅटर्नवर आला. त्यात सेगाच्या अमेरिकेतल्या स्टुडिओत एकाच गेमची दोन वेगळी इंजिनं, म्हणजे गेम चालवणारे मूळ प्रोग्रॅम! १९९६च्या मार्चमध्ये जपानहून आलेल्या साहेबांना बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूच्या, लढाईचं इंजिन आवडलं. मग सगळा गेम त्यावरच करायचं फर्मान निघालं. मुदत? त्याच वर्षीचा नाताळ. त्या इंजिनाच्या प्रोग्रॅमरला शेवटी न्यूमोनिया झाला, नवल नाही.

मला हळहळ वाटते ती त्या फिशआय कॅमेऱ्याची. जुने व्हिडिओ बघा: सॉनिक मधोमध आणि आजूबाजूची जमीन काचेच्या गोट्यातून बघितल्यासारखी वाकलेली. कल्पना साधी होती. सॉनिक सुसाट पळणार, तर पुढचा रस्ता जास्त दिसायला हवा. निन्टेन्डोच्या मारिओ ६४ या थ्रीडी गेमनं मोकळं मैदान दिलं, पण मारिओला एवढी घाई कुठे असते?

त्या नाताळात सॅटर्नवाल्यांच्या हाती पडला सॉनिक थ्रीडी ब्लास्ट. नाव थ्रीडी, खेळायला तिरक्या कोनातून. खरा थ्रीडी सॉनिक अॅडव्हेंचर यायला १९९८चा डिसेंबर उजाडला, तोही ड्रीमकास्टवर, म्हणजे सेगाच्या सॅटर्ननंतरच्या कन्सोलवर.