मदत हवी आहे: पिसाळलेल्या गाईच्या तोंडात हात घातला, सीरम कुठे मिळेल?

दारव्हा तालुक्यातलं आमचं खेडं. तीन आठवड्यांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्यानं गाईला जबड्याजवळ चावलं. जखम छोटी म्हणून तेव्हा हळद भरली, लस दिली नाही, ही आमची मोठी चूक. परवापासून ती लाळ गाळते, सारखी हंबरते, पाणी गिळत नाही. घशात काही अडकलं असेल असं वाटून बाबांनी तोंडात हात घातला. त्यांच्या बोटांना पऱ्हाटीच्या (कपाशीच्या झाडाच्या) ताज्या चिरा आहेत, रक्तही आलं होतं.

डॉक्टरांनी रेबीजचाच संशय सांगितला. गाय वेगळी बांधली आहे, जवळ कोणी जात नाही. बाबांचा हात साबणानं पंधरा मिनिटं धुतला, काल आरोग्य केंद्रात लसीचा पहिला डोस झाला. पण जखमेत टोचायचं सीरम (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) तिथं नाही, आणि ते पहिल्या डोसपासून ७ दिवसांच्या आतच द्यावं लागतं. दूध उकळूनच प्यायलो, त्याची विचारणा नाही.

वहिनी सहा महिन्यांची गरोदर आहे. परवापर्यंत धार तीच काढायची, हाताला लाळ लागली होती, जखम आठवत नाही. तिनं लस घेतलेली बरी ना? आणि यवतमाळला सरकारी दवाखान्यात सीरम रविवारी मिळतं का, की सरळ नागपूर गाठू?