विषय: जूनमध्ये आई-बाबा येतायत, चार दिवस बर्लिन, हात आखडता

प्रेषक: श्रुती, माग्डेबुर्ग

मंडळींनो नमस्कार,
लिस्टवर पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी इथे मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आई-बाबा जूनच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून येतायत, तीन आठवडे, दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. त्यातले चार दिवस, मंगळवार ते शुक्रवार, बर्लिनला काढायचेत. राहायचं बघितलंय, किचन असलेली खोली मिळालीय, पण ते पैसे दिल्यावर हातात उरतात तिघांत मिळून दोनशे युरो, आणि वेर्कश्टुडंटच्या (शिकता शिकता अर्धवेळ नोकरी) पगारात याच्यावर ताणता येत नाही. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं, आता रिटायर, ते प्रत्येक आकडा रुपयात करून बघतात आणि मग "नको, बाहेरूनच बघू" म्हणतात. आई शाळेत इतिहास शिकवायची, तिला सगळं आतून बघायचं असतं पण गुडघे साथ देत नाहीत. मी काल हॉप-ऑन हॉप-ऑफ बस, टीव्ही टॉवर आणि दोन म्युझियम अशी तिघांची बेरीज केली आणि लॅपटॉप बंद करून झोपले.
फुकटात बघण्यासारखं खरंच काही आहे का, की फुकट ते फुकटच?
श्रुती

---

प्रेषक: मिलिंदकाका, श्टेग्लित्झ

श्रुती बाळ,
बाबा एसटीतले म्हणतेस आणि त्यांना हॉप-ऑनच्या बसमध्ये कसली बसवतेस! १०० नंबरची बस घ्या. झू स्टेशनहून सुटते ती अलेक्झांडरप्लात्झला जाते, साधी सिटी बस, साधं तिकीट, दोन मजली. झूला पहिलाच स्टॉप आहे त्यामुळे सकाळी नऊच्या आत गेलात तर वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या काचेची सीट मिळते, आणि नाही मिळाली तर ती बस सोडायची, पुढची येतेच. बॉम्बने मनोरा तुटलेलं ते चर्च, सोनेरी बाईचा विजयस्तंभ, राष्ट्राध्यक्षांचा बेलव्ह्यू महाल, राइशस्टाग म्हणजे संसदेची इमारत, मग उंटर डेन लिंडेनचा मोठा रस्ता, सगळं बसल्या जागी. बर्लिनची भिंत पडल्यावर १९९० साली ही लाइन चालू झाली, पूर्व-पश्चिम जोडणारी, मी तेव्हा कौतुकाने उगाच दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आलो होतो.

राइशस्टागचा काचेचा घुमट फुकट आहे, पण आयत्या वेळी उठून जाता येत नाही. ऑनलाइन आधी नावं आणि जन्मतारखा द्याव्या लागतात, जूनमध्ये स्लॉट पटापट जातात तेव्हा हे मेल वाचून झालं की लगेच नोंदव. वरपर्यंत लिफ्ट आहे आणि आत गोल गोल चढण आहे, पायऱ्या नाहीत, आईला जमेल. पासपोर्ट लागतो.

चेकपॉइंट चार्लीला, भिंतीतल्या त्या जुन्या नाक्यावर, जाऊ नका, माझं स्पष्ट मत आहे, तिथे आता फोटो आणि टोप्या विकण्यापलीकडे काही नाही. भिंत बघायची तर बेर्नाउअर श्ट्रासे. तिकीट नाही. वर चढून बघायचा मनोरा आहे, तिथून खाली दोन भिंतींमधला तो मोकळा पट्टा दिसतो ज्यात माणूस दिसला की गोळी घालायचे. त्याच पट्ट्यात एक चर्च अडकलं होतं, ते पूर्व जर्मनीच्या सरकारने १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडलं, आता तिथे मातीच्या भिंतींचं छोटं प्रार्थनाघर आहे आणि त्याच्या भोवती राय (गव्हासारखं धान्य) पेरतात. जूनमध्ये कणसं आलेली असतात. सांगलीच्या माणसाला त्या जागी उभं पीक बघून काय वाटतं ते मला कळव.

जाता जाता, बजेटवरून आठवलं. मी ८८ साली आलो तेव्हा पश्चिम बर्लिनहून एक दिवसासाठी पूर्व बर्लिनमध्ये जायला २५ मार्क सक्तीने बदलून घ्यावे लागत आणि ते परत नेता येत नसत. आम्ही विद्यार्थी, पश्चिमेत कायम कडकी, आणि तिथे गेलं की संध्याकाळपर्यंत पैसे संपता संपायचे नाहीत! पोटभर जेवा, कॉफी प्या, तरी खिशात उरलेलेच. शेवटी पुस्तकं घ्यायचो. गणिताची तीन जाडजूड पुस्तकं अजून कपाटात आहेत, एकही उघडलेलं नाही.
मिलिंदकाका

---

प्रेषक: केतकी, पोट्सडाम

हाय श्रुती, एक मस्त टिप! महिन्याच्या पहिल्या रविवारी म्युझियम फुकट असतात, आम्ही गेलो होतो, तर चार दिवस जरा सरकवून रविवार धरता आला तर बघ, पेर्गामोन नक्की कर!!

---

प्रेषक: अमेय, फ्रीडरिशहाइन

> महिन्याच्या पहिल्या रविवारी म्युझियम फुकट

केतकी, ते बंद झालं गं. २०२१ ला चालू केलं होतं, २०२४ च्या डिसेंबरनंतर पैसे नाहीत म्हणून गुंडाळलं, आणि पेर्गामोन तर २०२३ पासून पूर्ण बंद आहे, दुरुस्ती चालू, २०२७ मध्ये काही भाग उघडणार म्हणतात. सगळ्या जुन्या ब्लॉगांवर अजून तेच लिहिलेलं आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

श्रुती, कायम फुकट असलेलं सांगतो. टोपोग्राफी डेस टेरर्स हे प्रदर्शन, गेस्टापोच्या (नाझींचे गुप्त पोलीस) हेडक्वार्टरच्या जागेवर आहे, बाहेरच्या बाजूला भिंतीचा लांब तुकडाही आहे. फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनला लागून ट्रेनेनपालास्ट, म्हणजे शब्दशः अश्रूंचा महाल, पूर्वेतून परत जाणाऱ्या पाहुण्यांना निरोप द्यायची जागा. इतिहासाच्या बाईंना हे दोन पुरे होतील, एका दिवसात दोन्ही करू नका, डोकं जड होतं.

तिकिटाचं: तुझ्याकडे सेमेस्टर तिकीट असेलच. आई-बाबांना जूनचं डॉइचलांडटिकेट काढ, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बसचा महिन्याचा पास. ४९ युरोला चालू झालं होतं, आता ६३ आहे, दोघांचे १२६ म्हणजे वाटतं खूप, पण एअरपोर्ट, माग्डेबुर्गहून आरई १ या साध्या गाडीने येणं-जाणं, बर्लिनमधली सगळी बस-ट्राम-यू-बान (मेट्रो) आणि नंतरचे दोन आठवडेही त्यातच. फक्त आयसीई या फास्ट गाडीत बसायचं नाही. आणि ते अबो म्हणजे सबस्क्रिप्शन आहे, आपोआप पुढच्या महिन्यात जातं, १० तारखेच्या आत कॅन्सल करावं लागतं. माझ्या सासूबाईंचं मी १२ तारखेला केलं. पुढच्या महिन्याचे पैसे कापले गेले तेव्हा सासूबाई पुण्यात, आणि तो विषय आमच्या घरी अजून अधूनमधून निघतो.

---

प्रेषक: वैशाली, नॉयकॉल्न

श्रुती, सगळे बघायचं सांगतायत, खायचं कोणी सांगेना.

किचन आहे ना, मग भाजणी आणि मेतकूट आणायला सांग आणि सकाळचं पोट भरूनच निघा. पाणी विकत घेऊ नका, नळाचं चांगलं असतं, रस्त्यावर पिण्याच्या पाण्याचे निळे नळ आहेत तिथे बाटली भरायची. डोनर (ब्रेडमधलं तुर्की मांस) आता सात युरोच्या आसपास गेलाय, फलाफल (छोल्यांचे वडे) त्याहून स्वस्त आणि आई-बाबांना तेच चालेल. मंगळवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी मायबाखउफरचा तुर्की बाजार, पाच-साडेपाचनंतर जा, उठायची वेळ झाली की भाजीवाले ओरडून ओरडून भाव पाडतात, पेटीभर आंबे नाही मिळणार पण चेरी आणि जर्दाळू घ्या. अगदी आपल्या मंडईत रात्री नऊला असतं तसंच.

बाटल्यांचं फांड (डिपॉझिट) माहीतच असेल, एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला २५ सेंट परत, सुपरमार्केटच्या मशिनीत घालायची.

फिलहार्मोनी या संगीताच्या हॉलमध्ये बुधवारी दुपारी एकला फॉयेत (लॉबीत) फुकट लंच कॉन्सर्ट असते, सप्टेंबर ते जून. बाराला जाऊन जागा धरा, लोक जिन्यावर, जमिनीवर बसतात, आईला खुर्ची मिळाली तर बरं. पाऊण तासाची, त्यामुळे कंटाळा यायच्या आत संपते. आणि उन्हाचा दिवस मिळाला तर वानझे तळ्यावर जा, तिथून क्लाडोला एफ १० बोट जाते, सिटीच्या तिकिटावरच, वीस मिनिटं तळ्यातून. लोक क्रूझला वीस-वीस युरो मोजतात.

आणि एक ऐक, रागावू नकोस. चारही दिवस "हे फुकट, ते फुकट" करत आई-बाबांना पळवू नको. एक दुपार पैसे देऊन कॅफेत बसा, तिघांना तीन केक मागव, वाटून नाही. आमचे सासू-सासरे आले तेव्हा आम्ही सतरा ठिकाणं दाखवली, त्यांना आठवतो तो प्लमचा केक.

---

प्रेषक: नंदिनी, डालेम

आई इतिहासाच्या आहेत म्हणून एक वेगळी जागा सुचवते, कुठल्याच यादीत नसते. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी इथे पीएचडी करत होत्या, आमच्या डालेममध्ये, मानववंशशास्त्राच्या कैझर विल्हेल्म इन्स्टिट्यूटमध्ये. गाइड ऑयगेन फिशर, तोच जो पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा मोठा माणूस झाला. कवटीच्या दोन बाजूंत जो फरक असतो त्याचा वंशाशी संबंध आहे असं त्याचं म्हणणं, आणि बाईंनी ढिगाने कवट्या मोजून तसा काही संबंध दिसत नाही असं त्याच्याच हाताखाली लिहून दिलं. वय पंचविशीच्या आतबाहेर, घर हजारो मैल लांब. इमारत अजून आहे, इनेश्ट्रासे २२, आता युनिव्हर्सिटीचा राज्यशास्त्राचा विभाग आहे. यू ३ ने फ्राय उनिव्हर्सिटेटला उतरा, पाच-सात मिनिटं, रस्ता सपाट. तिथे नंतर काय काय झालं, आउशवित्झच्या छळछावणीशी कसा संबंध होता त्याची पाटी १९८८ पासून लावलेली आहे. इमारत तशी साधीच, भोवती झाडं. मी रोज तिथून जाते.

---

प्रेषक: श्रुती, माग्डेबुर्ग
(जून संपता संपता)

सगळ्यांना मनापासून थँक्यू, काल आई-बाबा परत गेले आणि घर एकदम रिकामं झालंय म्हणून बसून लिहितेय.

काका, १०० नंबर मंगळवारी सकाळी एकदा करायची ठरली होती, चार दिवसांत पाचदा झाली. पहिल्या फेरीत बाबांनी बाहेर बघितलंच नाही, पुढच्या काचेतून रस्ता बघत होते आणि उजवा पाय आपोआप दाबत होते, ब्रेकच्या जागी. विजयस्तंभाच्या चौकात एवढ्या गाड्यांतून ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता बस काढली तेव्हा जोरात "वा!" म्हणाले, मागची जर्मन आजी दचकली. राइशस्टाग त्यांनी तिसऱ्या फेरीत बघितलं.

आतून बघायचा मात्र माझ्यामुळे पचका झाला. पासपोर्ट खोलीवर राहिले, फोनमधला फोटो चालेल असं मी आपलं धरून चालले होते, नाही चालत. बाहेर ऊन, आई कठड्यावर बसून, मी रडायच्या बेताला. शेवटी शेजारीच त्यांचं नोंदणीचं ऑफिस आहे, तिथे पासपोर्ट आणून पुन्हा रांग लावली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे तीन पास मिळाले. ते खरं बरं झालं, सूर्य मावळताना वर होतो. बाबा खाली संसद बघून म्हणाले, डोक्यावर लोक चालतायत हे आमदारांना कळलं पाहिजे.

बेर्नाउअर श्ट्रासेला राय उभी होती, काका. बाबा वाकून एक ओंबी तळहातावर घेऊन बघत होते, तोडली नाही, तशीच सोडून दिली. "पाणी कोण देतं?" एवढंच विचारलं. मनोऱ्यावर गेले नाहीत.

वैशालीताई, फांडचं तुम्ही सांगितलंत आणि बाबांना नाद लागला. सकाळच्या फिरण्यात बागेतल्या बाटल्या गोळा करून आणायला लागले, बाकांखालून, कचऱ्याच्या डब्याशेजारून. पहिल्या दिवशी सात, पावणेदोन युरो, रुपयात केल्यावर तर चेहरा बघण्यासारखा. तिसऱ्या दिवशी हात हलवत परत आले. तिथे एक म्हातारे गृहस्थ ट्रॉली घेऊन रोज त्याच बाकांवरून जातात, यांनी गोळा केलेली पिशवी त्यांच्या ट्रॉलीत ठेवली आणि आले. मला म्हणाले, "त्याचा रूट आहे तो. दुसऱ्याच्या रूटवर गाडी घालायची नसते." मी इथे दोन वर्षं राहतेय, डब्याशेजारी लोक बाटल्या का ठेवतात ते माहीत होतं, सांगायचं राहून गेलं.

लंच कॉन्सर्टला आईला खुर्ची मिळाली, बाबा जिन्यावर बसल्या बसल्या झोपले, शेजारचे दोन जर्मनही झोपले होते तेव्हा चाललं. एफ १० हुकली, पाऊस. केक तिघांनी तीन खाल्ले, सव्वीस युरो झाले कॉफीसकट, बाबांनी रुपयात केले नाहीत.

नंदिनीताई, आईला मी नुसतं "एक घर दाखवते" म्हणून नेलं. पाटी मी वाचून मराठीत सांगितली, मग इरावतीबाईंचं सांगितलं. तिने चप्पल काढली. फुटपाथवर, तिथेच. मला इतकं ऑकवर्ड झालं, पोरं सायकलवरून येत-जात होती, पण ती दोन मिनिटं तशीच उभी होती, आणि मग म्हणाली गुडघा दुखतोय, चल.

डॉइचलांडटिकेट ८ तारखेला कॅन्सल केलं, अमेयदादा, स्क्रीनशॉट ठेवलाय. दोनशेतले एकोणतीस उरले.

बाबा घरी पोचल्या पोचल्या फोनवर विचारत होते की १०० नंबरच्या ड्रायव्हरची ड्यूटी किती तासांची असते आणि मुक्काम पडतो का. कुणाला माहीत असेल तर प्लीज लिहा, त्यांना त्यांच्या डेपोच्या ग्रुपवर टाकायचंय.
श्रुती