समस्थानिकांचे गुणधर्म सारखेच, तर जड पाण्याचा एवढा खटाटोप का?

सुमेधा_अलिबाग:
लेक नववीत आहे. समस्थानिकांचा अणुअंक तोच, अणुवस्तुमानांक वेगळा, रासायनिक गुणधर्म सारखे, असं शिकलीय. काल विचारते, "सारखेच असतील तर थळला जड पाण्याचा कारखाना कशाला?" कुणी तिला कळेल असं सांगाल का?

निवृत्त_ऑपरेटर:
ताई, नेमकं बोट ठेवलंय पोरीने! माझी नोकरी जड पाण्यातच झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युरेनियम २३५ आणि २३८ यांच्या वस्तुमानात जेमतेम सव्वा टक्का फरक. तिथे ते वाक्य चालतं. हायड्रोजनमध्ये एक न्यूट्रॉन वाढला की त्याला ड्युटेरियम म्हणतात. वजन थेट दुप्पट, आणि मग रसायनही बदलतं. साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं पाणी म्हणजे जड पाणी. जड पाणी ३.८ अंशांला गोठतं, त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर तळाला जातो.

थळचा कारखाना याच फरकावर चालतो. शेजारच्या खत कारखान्यातून नायट्रोजन-हायड्रोजनचा वायू येतो, तो थंड द्रव अमोनियाच्या संपर्कात आणतात. सोबत पोटॅशियम अमाइड हा उत्प्रेरक. ड्युटेरियमला वायूपेक्षा अमोनियात राहणं जास्त मानवतं, ते तिकडे सरकतं. उरलेला वायू खतासाठी परत. निसर्गात हायड्रोजनच्या सुमारे ६,४०० अणूंमागे ड्युटेरियमचा एक, त्यामुळे हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. अणुभट्टीला ९९.८ टक्क्यांच्या आसपास शुद्धता लागते. कोकणातल्या पावसाळ्यात नमुन्याची बाटली उघडी राहिली, तर हवेतली वाफ आत मिसळून शुद्धता घसरते. नमुना भरला की बूच तिथल्या तिथे!

एवढं करायचं ते रसायनासाठी नाही, ड्युटेरियमच्या केंद्रकासाठी. अणुभट्टीत न्यूट्रॉन युरेनियमची केंद्रकं फोडतात, त्यासाठी न्यूट्रॉन हळू करावे लागतात, पण वाया घालवून चालत नाही. साधा हायड्रोजन न्यूट्रॉन गिळतो, ड्युटेरियम न्यूट्रॉनचा वेग कमी करतो आणि सहसा तो गिळत नाही. म्हणून तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात. १ आणि २ मध्ये साधं पाणी, त्यांना समृद्ध, म्हणजे २३५ चं प्रमाण वाढवलेलं युरेनियम लागतं.

गामा_कॅमेरा:
आमच्या विभागात याच्या उलट अनुभव. थायरॉइडच्या कर्करोगाला आयोडीन-१३१ देतात. नेहमीचं आयोडीन १२७, ग्रंथीला दोन्ही सारखीच. म्हणून तर उपचाराआधी रुग्णाचं आयोडीनयुक्त मीठ बंद करतो, म्हणजे भुकेली ग्रंथी १३१ भरभरून घेते. आत गेल्यावर १३१ च्या केंद्रकाचा किरणोत्सारी ऱ्हास होतो, त्यातून निघणारे बीटा किरण तिथल्याच पेशी मारतात. दर आठ दिवसांनी निम्मं उरतं.

सुमेधा_अलिबाग:
दोघांचेही आभार. मग परीक्षेत काय लिहू दे?

निवृत्त_ऑपरेटर:
पुस्तकातलंच, पण "जवळपास सारखे" असं. आणि तिला हेही सांगा, की युरेनियमच्या समस्थानिकांचं रसायन एवढं सारखं आहे, की ती वेगळी करायला हेक्साफ्लोराइडचा वायू प्रचंड वेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून, एकातून दुसऱ्यात, न्यावा लागतो.