हर की दून आणि सह्याद्री दोन्हीला चालेल अशी हलकी हवेची मॅट, कुशीवर झोपणाऱ्या माणसाने कुठली घ्यावी?

घोडबंदरची_भटकी

नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, वय ४३, गेली बारा-तेरा वर्षं सह्याद्रीत भटकतेय, मुक्कामाचे ट्रेकही बरेच झालेत आणि एवढ्या वर्षांत एकच फोमची कॅरीमॅट वापरलीय, तीच ती निळी, सॅकला आडवी बांधून कसारा लोकलच्या दारातून आत घुसताना चार जणांना लागते ती. आत्तापर्यंत चाललं. पण गेल्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर गुहेत झोपलो होतो तेव्हा रात्री दोनला जाग आली ती आलीच, मी पूर्ण वेळ कुशीवर झोपते त्यामुळे खुबा आणि खांदा कातळावर नुसता ठणकत होता, या कुशीवरून त्या कुशीवर करत उजाडलं आणि दुसऱ्या दिवशी पाचनईला उतरताना गुडघ्यापेक्षा कंबर जास्त बोलत होती.

आता ऑक्टोबरमध्ये मी आणि नवरा उत्तराखंडातल्या हर की दूनला जायचं ठरवतोय, सांकरी गावाहून वाटाड्या घेऊन, तंबू आणि बाकी सामान आपलं आपणच. म्हणून हवेची मॅट घ्यायची आहे. दुकानात जाऊन आले तर तिथला मुलगा म्हणाला मॅडम जेवढी जाड तेवढी गरम, ही १० सेंटिमीटरची घ्या. घरी येऊन नेटवर वाचायला बसले तर आर व्हॅल्यू, डेनियर, बॅफल.. डोकं भणभणलं. बजेट एका मॅटला ८ ते १० हजार, वजन अर्धा किलोच्या आत हवं. एकच मॅट सह्याद्रीलाही वापरायची आहे. पंक्चरची भीती वाटते हेही सांगते. कोणी स्वतः वापरलेली असेल तर मनापासून सांगा.

कळव्याचा_भटक्या

ताई, तो १० सेंटिमीटरवाला सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. जाडी तुमच्या खुब्यासाठी, ऊब वेगळी गोष्ट आहे. आत नुसती हवा असलेली जाड मॅट म्हणजे काय होतं, तुमच्या पाठीजवळची हवा गरम होते, जमिनीकडची गार असते आणि ती आतल्या आत फिरत राहते, रात्रभर तुमच्या अंगातली ऊब जमिनीत नेऊन सोडते. मी हे भोगलंय. पहिली मॅट घेतली ती अशीच, बघायला गुबगुबीत, आत काहीच नाही, उत्तराखंडात बर्फाजवळ मुक्काम होता आणि चांगली जाड स्लीपिंग बॅग असून पाठ अशी गार पडली की शेवटी सॅक रिकामी करून ती अंगाखाली घातली, जॅकेट घातलं, दोरसुद्धा अंथरला.

त्याचं कारण नंतर कळलं. स्लीपिंग बॅगमधलं पीस किंवा सिंथेटिक भरण तुमच्या वजनाने खालच्या बाजूला चेपलं जातं, चेपलं की त्यात हवा राहत नाही आणि हवा नाही म्हणजे ऊब नाही. खालून जे काय वाचवायचं ते मॅटनेच. आणि बॅगवर जो तापमानाचा आकडा छापलेला असतो ना, तो प्रयोगशाळेत ऊब धरणाऱ्या मॅटवर ठेवूनच काढलेला असतो. म्हणजे मॅट गार असेल तर बॅगवरचा आकडा तुमच्या कामाचा नाही. अजून एक, त्या चाचणीत कम्फर्टचा आकडा (आरामात झोप लागेल ते तापमान) बाईच्या हिशोबाने असतो आणि लिमिटचा (जेमतेम निभेल ते) पुरुषाच्या, कारण बायकांना झोपेत थंडी जास्त वाजते हे त्यात धरलेलंच आहे. तेव्हा दुकानात मोठ्या अक्षरात लिमिट दिसला तरी तुम्ही कम्फर्टच बघा.

नेरूळचे_काका

मी तीस वर्षांवर डोंगरात आहे आणि माझं मत सरळ आहे, सह्याद्रीत हवेची मॅट घेऊन जाऊ नये. आपल्याकडे बाभूळ आहे, बोरी आहेत, करवंदीच्या जाळ्या आहेत, गुहेत आधीच्या लोकांनी टाकलेल्या काटक्या असतात आणि जिथे बसाल तिथे कुसळं. रतनगडाच्या गुहेत आमच्यातल्या एका मुलाची नवी कोरी मॅट, पहिलीच रात्र, झोपायच्या आधी फुगवली, सगळ्यांना दाखवली, आणि अकरा वाजता तो कातळावर. पोराचं तोंड बघवत नव्हतं. सकाळी बघितलं तर त्याच्या स्वतःच्या पँटच्या शिवणीत अडकलेला काटा, अर्ध्या इंचाचा पण नाही. माझी कॅरीमॅट अलंगला कड्यावरून घरंगळत खाली गेली होती, परत आणली, अजून वापरतोय. कोपरा कुरतडलाय उंदरांनी, तरी झोप लागते.

पण ताई, तुम्ही कुशीवर झोपता आणि कंबर धरते म्हणता, तर तुमचं दुखणं मी समजू शकतो. माझ्या बायकोचंही हेच. म्हणून नाही घेऊ असं म्हणत नाही, घ्या, पण कॅरीमॅट फेकून देऊ नका एवढंच सांगतो.

खारघर_ट्रेकर

काकांनी शेवटी जे लिहिलंय ना तेच खरं उत्तर आहे असं मला वाटतं, फक्त त्याच्यामागचा हिशोब सांगतो.

आर व्हॅल्यू म्हणजे मॅट उष्णता किती अडवते त्याचा आकडा, जास्त तेवढी गरम. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची त्यामुळे याच्या ४ ची त्याच्या ४ शी तुलनाच होत नव्हती. २०१८ मध्ये एएसटीएम एफ३३४० म्हणून एक ठरलेली चाचणी आली आणि मोठ्या कंपन्या आता त्याप्रमाणे आकडा देतात. स्वस्तातल्या बऱ्याच मॅटवर आकडाच नसतो किंवा चाचणीचं नाव नसतं, नुसतं 'उणे १० अंशापर्यंत चालेल' असं काहीतरी लिहिलेलं असतं, अशी मॅट हिमालयासाठी घेऊ नका. मोघम हिशोब असा की २ च्या खाली आपल्याकडच्या उन्हाळी-पावसाळी मुक्कामाला, २ ते ४ मध्ये सह्याद्रीतली डिसेंबर-जानेवारीची थंडी आरामात निघते, आणि जिथे रात्री पारा शून्याच्या खाली जाऊ शकतो तिथे ४ च्या वर पाहिजे. हर की दून साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे, ऑक्टोबरमध्ये सकाळी तंबूवर दव गोठलेलं मिळू शकतं, म्हणजे तुम्हाला ४ च्या वर लागणार. बर्फावरच झोपायचं असेल तर अजून वर, पण ते तुमचं नाहीये.

आता मुद्दा. आर व्हॅल्यूची चक्क बेरीज होते. खाली २ ची फोमची मॅट आणि वर २.५ ची हवेची, झाले ४.५. आणि बाजारात एकट्याने ४.५ देणारी जी नावाजलेली मॅट आहे, थर्मारेस्टची निओएअर एक्सलाइट एनएक्सटी, ती वजनाला ३७० ग्रॅम आणि साडेसात सेंटिमीटर जाड, गोष्ट उत्तमच आहे, माझ्या मित्राकडे आहे, पण अमेरिकेतच २०० डॉलरच्या वर जाते, इथे येईपर्यंत तुमच्या बजेटच्या बरीच बाहेर. त्याच कंपनीची घडीची फोम मॅट येते, झेड लाइट सोल, ४१० ग्रॅम, आर २. अगदी हीच घ्या असं नाही, आकडे कळावेत म्हणून सांगतोय.

तर माझा सल्ला, आर अडीच-तीनची, आत सिंथेटिक भरण किंवा चंदेरी थर असलेली, ६ ते ८ सेंटिमीटर जाडीची हवेची मॅट घ्या आणि खाली फोम. सह्याद्रीत तो फोम काट्यापासून वाचवेल, हिमालयात थंडीपासून. समजा हवेची बसलीच तर निदान कातळावर तर नाही पडणार. मी असंच करतो, खाली जुन्या कॅरीमॅटचा तुकडा, खांद्यापासून मांडीपर्यंतच येईल एवढा कापलेला, पायाखाली रिकामी सॅक.

घोडबंदरची_भटकी

बापरे किती छान समजावलंत सगळ्यांनी. काका, काकूंना नमस्कार सांगा.

पण मग वजनाचं काय? दोन मॅट म्हणजे अर्धा किलो पार होणार. आणि अजून एक विचारायचं राहिलं, दुकानात एका मॅटवर आडवी झाले तर हललं की चिप्सच्या पिशवीसारखा आवाज येत होता, नवरा म्हणाला मी तंबूबाहेर झोपेन. सगळ्याच अशा वाजतात का? आणि मी त्यावरून घसरतही होते.

खारघर_ट्रेकर

वजन पार होणार, खरंय. कापलेला फोम दीड-दोनशे ग्रॅमचा असतो. मी तेवढं वजन आनंदाने उचलतो कारण दुपारी जेवायला बसताना, चहा करताना, टाक्यापाशी पाणी भरताना तोच पसरतो, हवेची मॅट त्या कामाला बाहेर काढायची नाही म्हणजे नाही.

ऐरोलीवाली

आवाज येतो तो आतल्या चंदेरी थराचा. उष्णता परत अंगाकडे फेकायला तो घालतात. नवीन मॉडेलमध्ये बराच कमी झालाय, आणि सिंथेटिक भरणवाल्या जवळपास वाजतच नाहीत, तुम्ही दोघं आहात तर मी म्हणेन भरणवालीच घ्या, चाळीस-साठ ग्रॅम जास्त गेले तरी चालेल.

कुशीवर झोपणाऱ्यांनी रुंदी बघायलाच हवी हे कोणी बोललं नाही अजून. नेहमीची मॅट ५१ सेंटिमीटर रुंद असते आणि वर जर ती ममी आकाराची असेल, म्हणजे पायाकडे निमुळती, तर गुडघे दुमडले की ते थेट जमिनीवर. मी पहिल्या मॅटला हीच चूक केली, सकाळी गुडघा गारठून दुखायचा. ६४ सेंटिमीटरची रुंद पण मिळते, फक्त दोन रुंद मॅट तुमच्या तंबूत मावतात का ते आधी टेप लावून मोजा, हलक्या दोन माणसांच्या तंबूत बऱ्याचदा नाही मावत. तसं असेल तर ५१ चीच घ्या पण चौकोनी घ्या. आणि कडेच्या नळ्या, म्हणजे तुम्ही वाचलेले ते बॅफल, मधल्यापेक्षा जरा मोठ्या असतील तर माणूस घरंगळत नाही.

घसरण्याचं बरंचसं कारण मॅट दगडासारखी टम्म फुगवणं हे असतं. दुकानात तशीच ठेवतात छान दिसावी म्हणून. तुम्ही पूर्ण फुगवा, वर कुशीवर झोपा आणि मग झडप किंचित उघडून हवा सोडत जा, खुबा जमिनीला लागायला थोडंच बाकी आहे असं वाटलं की बंद. तुम्हाला जाणवेल अंग कसं मावतं ते. खुब्याखाली हात घालून बघायचा, बोटं जेमतेम सरकली पाहिजेत.

तोंडाने फुगवू नका. आपल्या श्वासात वाफ असते, ती आत राहते आणि आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या हवेत ती कधी वाळतच नाही, माझ्या एका मॅटला आतून काळी बुरशी आली, उजेडासमोर धरली की ठिपके दिसायचे, आणि उघडली की पावसाळ्यातल्या कपाटाचा वास. फुगवायची पिशवी मिळते, बऱ्याच मॅटसोबतच येते, नसेल तर कचऱ्याची मोठी पिशवी झडपेला रबरबँडने बांधून होतं, दोन-तीन पिशव्यांत मॅट भरते. घरी ठेवताना गुंडाळून कव्हरमध्ये नाही ठेवायची, झडप उघडी टाकून पलंगाखाली सपाट, माझी गादीच्या खाली असते. जून ते सप्टेंबर अधेमधे काढून पंख्याखाली.

आणि एक गोष्ट तिथे गेल्यावर नक्की होणार म्हणून आत्ताच सांगते, संध्याकाळी फुगवलेली मॅट रात्री मऊ झालेली असेल आणि तुम्हाला वाटेल पंक्चर. नसतं ते बहुतेक वेळा. हवा २५ अंशावरून शून्यावर आली की साधारण ८ टक्के आकसते, तेवढीच मॅट ढिली पडते. म्हणून मॅट तंबूत तासभर राहू द्या आणि झोपायच्या तोंडावर परत थोडी हवा भरा. उलट दिवसा उन्हात टम्म ठेवून फिरायला जाऊ नका, आतले जोड सुटून मॅटला मध्येच टेंगूळ येतं आणि ते काही केल्या दुरुस्त होत नाही. पंक्चर दुरुस्त होतं. टेंगूळ आलं तर मॅट गेली.

कळव्याचा_भटक्या

पंक्चरबद्दल भ्यायचं कारण नाही ताई, सायकलच्या ट्यूबसारखंच आहे. साबणाचं पाणी बोटाने पसरवत जायचं, जिथे बुडबुडा उठतो तिथे पेनने गोल. तो भाग अल्कोहोलने पुसायचा, सॅनिटायझर नको त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं, मेडिकलमध्ये मिळतो तो स्पिरिट स्वॅब घ्या. पूर्ण सुकू द्यायचं, हवा काढायची, मग पॅच दाबायचा आणि वर पाण्याची भरलेली बाटली ठेवून जितका वेळ थांबता येईल तितकं थांबायचं. लोक दहा मिनिटांत फुगवतात आणि म्हणतात पॅच टिकत नाही. दोन पॅच आणि दोन स्वॅब एका छोट्या झिप पाऊचमध्ये, पंधरा ग्रॅम पण होत नाही. कापड घेताना ३० किंवा त्याच्या वरचं डेनियर, म्हणजे धाग्याची जाडी, बघा, २० चं हलकं असतं पण सह्याद्रीत मला ते धाकधुकीचं वाटतं.

नेरूळचे_काका

झोपायच्या जागेवर आधी अनवाणी पायाने फिरायचं. हाताने नाही, पायाने. तळव्याला जो खडा लागतो तो डोळ्याला दिसत नाही, टॉर्च लावला तरी. आमच्या वेळपासून आम्ही हेच करतो.

घोडबंदरची_भटकी

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. घेतली एकदाची. चौकोनी, ५१ ची (तंबू मोजला, रुंद मावत नव्हती), ७ सेंटिमीटर जाड, भरणवाली, आर ३.१, चाचणीचं नाव कागदावर छापलेलं होतं ते वाचूनच घेतली. माझी ५२० ग्रॅम भरली घरच्या वजनकाट्यावर, वीस ग्रॅम सोडून दिले. जुनी निळी मॅट कापायला हात होत नव्हता पण कापली शेवटी, निम्मी मला निम्मी नवऱ्याला.

सलग तीन रात्री हॉलमध्ये फरशीवर झोपून बघितलं, खाली निळा तुकडा वर नवीन मॅट. पहिल्या रात्री टम्म होती, झोप नाही लागली. दुसऱ्या रात्री ऐरोलीवालीने सांगितलं तशी हवा सोडत सोडत बोटं सरकतील एवढी ठेवली आणि थेट साडेसहाला दूधवाल्याच्या बेलने जाग आली, तीही त्याच कुशीवर. खुबा अजिबात दुखला नाही. तिसऱ्या रात्री नवरा त्यावर झोपला आणि आता तो म्हणतोय त्यालाही हीच हवी, त्याने वेगळी मागवली होती ती परत करायला निघालाय.

नोव्हेंबरात आल्यावर थंडीत कशी वागली ते इथेच लिहीन. काका, अनवाणी पायाचं लक्षात ठेवलंय.