घरासाठी एस्प्रेसो: पूर्ण स्वयंचलित मशीन घ्यावे की हाताने चालवायचे?

अर्धाकप:

आमच्या घरात कॉफी पिणारी माणसे तीन आणि तिघांच्या तऱ्हाही तीन. मला सकाळी लहान कपातली, बिनदुधाची कडक एस्प्रेसो हवी असते. पत्नीला भरपूर फेसाळ दुधाची कॅपुचिनो लागते. आणि वडिलांना मोठा मग भरून पातळशी काळी कॉफी आवडते. आतापर्यंत गॅसवर ठेवायच्या मोकापॉटवर भागत आले आहे. कॉफी चांगली कडक होते, परंतु तिच्यावर तो दाट तांबूस थर, म्हणजे क्रेमा, काही येत नाही, आणि तिघांच्या मागण्या पुरवता पुरवता सकाळची वेळ हातची निघून जाते. म्हणून आता एक चांगले मशीन घ्यावे असे घरात ठरले आहे. ते कोणते, यावर मात्र एकमत नाही.

पत्नीचे म्हणणे असे की, वरून बिया टाकल्या, बटण दाबले आणि खालून कप भरून आला, इतके सोपे असेल तरच मशीन वापरले जाईल, नाहीतर ते महिन्याभरात माळ्यावर जाईल. मला मात्र पोर्टाफिल्टरमध्ये, म्हणजे दांडा असलेल्या गाळणीत, स्वतः कॉफी भरून दाबायचे मशीन खुणावते आहे. माझ्या शंका अशा: स्वयंचलित मशीनची एस्प्रेसो खरोखरच कमी प्रतीची असते, की हा शौकीन मंडळींचा निव्वळ तोरा आहे? खोक्यावर १५ बार, १९ बार असे दाबाचे जे आकडे छापलेले असतात, त्यांचा कपातल्या कॉफीशी कितपत संबंध असतो? आणि हाताच्या मशीनसोबत वेगळा ग्राइंडर घ्यावाच लागतो का? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

बारीकदळण:

दाबाचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण तो सर्वांत सोपा आहे. एस्प्रेसोला साधारण ९ बार दाब पुरतो. घरगुती मशीनमध्ये बहुधा कंपनावर चालणारा छोटा पंप असतो आणि खोक्यावरचा आकडा त्या पंपाची कमाल क्षमता सांगतो. चांगल्या मशीनमध्ये जादा दाब सोडून देणारी झडप असते आणि ती प्रत्यक्ष दाब ९ च्या आसपास राखते. तेव्हा १९ बारचे मशीन १५ बारच्या मशीनपेक्षा सरस, असा हिशेब करू नये. मोकापॉटमध्ये पाणी वर ढकलणारा दाब जेमतेम एक-दोन बार असतो, म्हणूनच तुम्हाला क्रेमा मिळत नाही. जुन्या एस्प्रेसो मशीनचेही तेच होते. लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली पेटंटासाठी अर्ज केला ते मशीन वाफेच्या जोरावर चाले. क्रेमा आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आकिले गाज्जा यांच्या तरफेच्या मशीनबरोबर. पुढे १९६१ मध्ये फेमा कंपनीच्या ई६१ या मॉडेलने तरफ ओढण्याचे काम पंपाकडे सोपवले, आणि आजची पोर्टाफिल्टरची मशीन बहुतांशी त्याच वळणाची आहेत.

आता ग्राइंडर. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. पंप कितीही जोरकस असला तरी दाब तयार होतो तो कॉफीचा थर पाण्याला अडवतो म्हणून. आणि तो किती अडवेल हे दळण किती बारीक आहे यावर ठरते. बास्केटमध्ये, म्हणजे पोर्टाफिल्टरमधल्या जाळीच्या वाटीत, १८ ग्रॅम कॉफी घेतली आणि कपात सुमारे ३६ ग्रॅम एस्प्रेसो उतरवायची असेल, तर २५ ते ३० सेकंद लागावेत, हा सुरुवातीचा ठोकताळा. पंप सुरू केल्यावर पहिली काही सेकंदे काहीच पडत नाही. मग नळीच्या टोकाशी गडद थेंब जमतात, त्यांची मधासारखी संथ धार होते, रंग तपकिरी होत जातो आणि शेवटी धार फिकट पिवळी पडून डगमगू लागते. तेवढीच कॉफी पंधरा सेकंदांत भसाभस उतरली, तर ती आंबट आणि पाणचट लागते. दळण एखादा काटा बारीक करावे. धार थेंब-थेंब रेंगाळली तर कडू आणि करपट लागते. दळण थोडे जाड करावे. बिया भाजल्यानंतर दिवसागणिक त्यांतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, त्यामुळे काल बरोबर बसलेले दळण पुढच्या आठवड्यात जाड वाटू लागते. ही जुळवाजुळव पाकिटातल्या तयार पुडीने करताच येत नाही. म्हणून वेगळा, दातेरी चकत्यांमध्ये दळणारा आणि बारीक फरकाने फिरवता येणारा ग्राइंडर लागतोच. पात्यांचा मिक्सरवजा ग्राइंडर इथे निरुपयोगी आहे, कारण त्यात अर्धी कॉफी पिठासारखी होते आणि अर्धी कण्यांसारखी राहते.

स्वस्त मशीनसोबत दुहेरी तळाची बास्केट येते; तिच्या खालच्या तळाला एकच सूक्ष्म छिद्र असते आणि दाब कॉफीऐवजी त्या छिद्रामुळे तयार होतो. तिच्यात तयार पुडी चालते, वर फेसही येतो, पण तो फेस म्हणजे क्रेमा नव्हे. सारी रक्कम मशीनवर घालून ग्राइंडरला उरेल ते, असा विचार असेल तर हाताच्या मशीनच्या वाटेला न गेलेले बरे.

बटणदाबे:

बारीकदळण यांचे सगळे बरोबर आहे, आणि नेमक्या त्याच कारणांसाठी आमच्याकडे स्वयंचलित मशीन आहे. जी कामे त्यांनी सांगितली ती स्वयंचलित मशीनच्या पोटातही होतातच: बिया दळल्या जातात, दळलेली कॉफी एका छोट्या कक्षात पडते, दट्ट्या ती दाबतो, आधी थोडे पाणी सोडून ती भिजवली जाते, मग पंप चालतो आणि शेवटी चोथ्याची वडी आतल्या डब्यात टाकली जाते. फरक असा की, हे मशीन कुणाच्याही हाती आणि कुठल्याही बियांवर न अडकता चालावे अशी त्याची रचना असते. त्यामुळे त्याचा ग्राइंडर एका मर्यादेपलीकडे बारीक दळत नाही आणि कक्षात मावणारी कॉफीही कमी असते. पुष्कळ घरगुती मॉडेलमध्ये ती ७ ते १२ ग्रॅमांच्या दरम्यान असते. साहजिकच एस्प्रेसोचा दाटपणा थोडा कमी येतो. अर्धाकप यांना हा फरक लहान कपात जाणवेल, हे मी नाकारत नाही. दुधाच्या कॉफीत मात्र तो ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

कारखान्यातून येणारी मांडणी तशीच ठेवू नये, हे आवर्जून सांगतो. दळण बारीक करा (ग्राइंडर चालू असतानाच, एकेक खूण पुढे), कॉफीचे प्रमाण सर्वांत जास्त ठेवा, तापमान वरच्या पायरीवर न्या आणि एस्प्रेसोचे पाणी कमी करा. एवढे केले की त्याच मशीनची कॉफी बरीच सुधारते. वडिलांच्या मगासाठी ‘लाँग’चे बटण दाबू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये त्या बटणाने तेवढ्याच कॉफीतून दुप्पट-तिप्पट पाणी जाते आणि शेवटचा सगळा कडवटपणा कपात उतरतो. त्याऐवजी एक एस्प्रेसो काढून तिच्यात वेगळ्या नळीने गरम पाणी घालावे. नव्या मॉडेलमध्ये ‘अमेरिकानो’ नावाने हेच होते.

वायसर:

मी ही मशीन दुरुस्त करतो. चवीच्या वादात पडत नाही. मशीनच्या आतले सांगतो.

स्वयंचलित मशीन बिघडण्याची कारणे तीनच: क्षार, दूध आणि तेल. पाणी जड असेल तर तापकाच्या नळ्यांत क्षाराचा थर बसतो, पाण्याची धार बारीक होत जाते आणि एक दिवस पंप नुसताच घरघरतो. टाकीत बसणारा फिल्टर वापरावा आणि मशीनने क्षार काढायची सूचना दिली की ती पुढे ढकलू नये. दुधाच्या नळीचे तर विचारूच नका. बटण दाबून होणारी धुलाई म्हणजे नळीतून नुसते पाणी जाणे. सांध्यात अडकलेली साय तशीच राहते आणि उष्ण हवेत तिचा दोन दिवसांत वास सुटतो. दुधाचा डबा आणि त्याचे झाकण रोज सुटे करून धुवावे लागते. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी साधी वाफेची नळी असलेले मॉडेल घ्यावे. ओल्या फडक्याने पुसले आणि क्षणभर वाफ सोडली की ती स्वच्छ होते. तिसरी गोष्ट, काळ्याकुट्ट भाजलेल्या, तेलाने चमकणाऱ्या बिया स्वयंचलित मशीनमध्ये टाकूच नयेत. त्या वरच्या भांड्याला चिकटून बसतात, ग्राइंडरमध्ये सरकत नाहीत, आणि मशीन ‘बिया संपल्या’ असे दाखवत राहते.

ज्या कक्षात कॉफी दाबली जाते तो काही मशीनमध्ये बाजूचे दार उघडून हाताने बाहेर काढता येतो, तर काहींमध्ये आतच पक्का बसवलेला असतो आणि गोळ्या टाकून धुवावा लागतो. मी निघणाराच घ्या असे सांगेन. आठवड्यातून एकदा तो नळाखाली धरायचा, साबण लावायचा नाही, वाळू द्यायचा आणि सरकणाऱ्या भागांना अधूनमधून अन्नासाठी चालणारे ग्रीस लावायचे. चोथ्याचा डबा रोज रिकामा करावा. ओल्या चोथ्यावर बुरशी फार लवकर धरते.

पोर्टाफिल्टरच्या मशीनला नखरे कमी. तोंडाशी असलेले रबरी वायसर कडक झाले की कडेने पाणी गळू लागते, ते बदलायचे. कॉफी उतरल्यावर उरलेला दाब सोडणारी झडप असलेल्या मशीनमध्ये बिनछिद्राची बास्केट लावून सफाईची पूड फिरवायची. क्षार त्यांतही साचतोच. पण सुटे भाग थोडे आणि बहुतेक ओळखीचे असल्यामुळे अशी मशीन वर्षानुवर्षे दुरुस्त होत राहतात. स्वयंचलितमध्ये एखादा सेन्सर गेला तरी सगळे ठप्प होते.

अर्धाकप:

तिघांचेही मनापासून आभार. दोन गोष्टी अजून स्पष्ट व्हायला हव्यात. हाताचे मशीन घेतले तर सकाळी माझी एस्प्रेसो आणि पत्नीची कॅपुचिनो यांना मिळून किती वेळ लागेल? आणि ज्यात ग्राइंडर आतच बसवलेला आहे, पण कॉफी दाबण्याचे आणि दूध तापवण्याचे काम आपण करायचे, अशी मशीन म्हणजे मधला मार्ग समजावा का?

बारीकदळण:

वेळ बॉयलरवर अवलंबून आहे. एकच बॉयलर असलेल्या मशीनमध्ये आधी सुमारे ९३ अंशांवर एस्प्रेसो काढायची, मग वाफेसाठी तापमान चांगले वर जाईपर्यंत थांबायचे, आणि दूध झाल्यावर पुढच्या एस्प्रेसोसाठी बॉयलर पुन्हा थंड करायचा. दोघांपुरते हे सोसवते. पाहुणे आले की नकोसे होते. दोन बॉयलरची किंवा उष्णता-विनिमयाची मशीन दोन्ही कामे एकाच वेळी करतात, पण त्यांतली जड पितळी तोंडाची मशीन नीट तापायला अर्धा तास घेतात. त्यांना वेळेवर चालू होणारा स्विच लावावा लागतो. थर्मोब्लॉकची, म्हणजे पाणी वाहता वाहता तापवणारी, मशीन मात्र मिनिटभरात तयार होतात. दुधाला स्वतंत्र सराव हवा: नळीचे टोक पृष्ठभागाच्या जरासे खाली धरून सुरुवातीला हवा घ्यायची, कागद फाटल्यासारखा आवाज आला पाहिजे, मग टोक आत बुडवून दूध भोवऱ्यात फिरवायचे आणि भांडे हाताला सोसवेनासे झाले, म्हणजे ६० ते ६५ अंशांवर, थांबायचे. त्यापुढे दुधाचा गोडवा जातो. हात बसल्यावर सगळे मिळून दहा मिनिटे धरा.

आत ग्राइंडर असलेली मशीन वाईट नाहीत, परंतु त्यांच्या ग्राइंडरच्या खुणांमधले अंतर काही वेळा मोठे असते. एका खुणेवर धार वेगाने पडते आणि पुढच्या खुणेवर अडते. शिवाय ग्राइंडर बिघडला तर संपूर्ण मशीन दुरुस्तीला न्यावे लागते.

बटणदाबे:

दहा मिनिटे ही बारीकदळण यांची. ते घरी नसतील त्या सकाळी कॉफी कोण करणार, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अर्धाकप यांच्या घरात मशीन वापरणारे हात तीन आहेत आणि त्यांतल्या एकालाच टॅम्पर, म्हणजे कॉफी दाबायचा ठोकळा, हातात धरायची हौस आहे. पत्नीने आणि वडिलांनी रोज त्यांची वाट पाहावी, किंवा वडिलांनी वजनकाटा घेऊन उभे राहावे, हे मला पटत नाही. अशा घरात स्वयंचलित मशीनच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हौसेसाठी पुढे कधीतरी वीज न लागणारे, हाताने तरफ दाबून चालणारे छोटे मशीन आणि एक हातग्राइंडर घेता येईल; त्यात एका वेळी एकच कप होतो, तापक नाही, पंप नाही, आणि एस्प्रेसो मात्र उत्तम उतरते.

बारीकदळण:

तीन हातांचा मुद्दा मान्य. तरफेच्या मशीनबद्दल एवढीच पुस्ती जोडतो की, हलक्या भाजणीच्या बिया असतील तर पाणी अगदी उकळते घ्यावे आणि कॉफीचा कक्ष आधी गरम करून घ्यावा, नाहीतर धातूच सगळी उष्णता शोषून घेतो आणि एस्प्रेसो आंबट होते.

वायसर:

जे काही घ्याल ते ठेवण्याची जागा आधी मोजा. स्वयंचलित मशीनमध्ये बिया वरून भरायच्या असतात आणि काहींची टाकीही वरूनच निघते; वरच्या कपाटामुळे झाकण उघडले नाही, तर दर वेळी मशीन पुढे ओढावे लागते. कॉफीचा कक्ष ज्या बाजूने निघतो ती बाजू भिंतीला टेकवू नका. दुकानात प्रत्यक्ष दाखवायला सांगा: टाकी काढा, चोथ्याचा डबा काढा, कक्ष काढून परत बसवा, दुधाचे झाकण सुटे करा. यांतले जे विक्रेत्यालाही सहज जमले नाही, ते तुमच्या घरी कुणी रोज करणार नाही.

अर्धाकप:

ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतची उंची आत्ताच मोजली. बेचाळीस सेंटीमीटर भरते. टाकी पुढून किंवा बाजूने निघणारे आणि कक्ष सुटा होणारे स्वयंचलित मॉडेल पाहायला रविवारी तिघेही जात आहोत. हातग्राइंडरचे नाव मी घरात अजून काढलेले नाही.